देणगीमागचा देणगीदार

लोकशाहीत प्रत्येकाला मत एकच असते. पैसा मात्र सर्वांजवळ सारखा नसतो. ही विषमता राजकारणात शिरली म्हणजे काय घडते, याचा विचार १९५७ साली मुंबई उच्च न्यायालयात झाला होता. त्या निकालाची आठवण आता फारशी कोणी काढत नाही. म्हणून ती येथे नोंदवावीशी आम्हांला वाटते.

राजकीय पक्षांना देणगी देता यावी, यासाठी टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या नियमांत दुरुस्ती मागितली होती. उद्योगाचे भवितव्य सरकारी धोरणाशी बांधलेले असल्याने ही देणगी कंपनीच्या हिताचीच, अशी तिची भूमिका होती. एका भागधारकाने हरकत घेतली. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी, कायद्यात मनाई नसल्यामुळे, कंपनीला अनुमती दिली. मात्र ती देतानाच, या प्रथेने पुढे लोकशाहीचा गळा घोटला जाऊ शकतो, असा इशारा देऊन त्यांनी संसदेला या प्रश्नात लक्ष घालण्यास सुचवले.

भीती अनाठायी नव्हती. त्याच वर्षी जून महिन्यात आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग विकत घेतले. पैसा सामान्य विमेदारांचा होता. फिरोज गांधी यांनी सत्ताधारी पक्षाचे खासदार असूनही लोकसभेत हे प्रकरण उघड केले. चौकशी छागलांकडेच आली. मुंबईत भर लोकांसमोर साक्षी झाल्या आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले.

कंपन्यांच्या देणग्यांवर संसदेने १९६० साली मर्यादा घातली, १९६९ साली बंदीच आणली आणि १९८५ साली ती उठवली. बंदीच्या काळात पैसा थांबला नाही. त्याने मागचे दार धरले. पुढे २०१७ साली मर्यादाही काढून टाकण्यात आली आणि २०१८ पासून निवडणूक रोख्यांच्या रूपाने देणगीदाराचे नाव मतदारांपासून झाकले गेले.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली. देणगी आणि तिच्या मोबदल्यात मिळणारी कृपा यांचा संबंध तपासता यावा, यासाठी मतदाराला माहिती हवी, हे त्या निकालाचे सार होय. त्यानंतर मार्च महिन्यात नावे प्रसिद्ध झाली. पण २०१९ साली ज्यांनी मतदान केले, त्यांना ती पाहता आली नव्हती. उशिरा मिळालेली माहिती इतिहासकाराच्या उपयोगी पडते. झालेले मतदान मात्र परत घेता येत नाही.

गावच्या पतपेढीच्या वार्षिक सभेत कर्ज कोणाला दिले, संचालकांचा त्याच्याशी संबंध काय, हे आपण उभे राहून विचारतो. त्यात कोणाला उद्धटपणा वाटत नाही. देशाचा कारभार चालवणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारायचा आहे, आणि तो मतदानापूर्वी विचारायचा आहे.