हायपोची पुडी

नांदेडच्या वजिराबादेतला आमचा फोटो स्टुडिओ बंद झाला, तेव्हा भावाने एन्लार्जर ठेवून घेतला आणि मी हायपोचा डबा. पत्र्याचा, झाकणाला गंज चढलेला. आत खडीसाखरेसारखे पांढरे खडे. रसायनशास्त्रात ते सोडियम थायोसल्फेट. चांदीचे क्षार यात विरघळतात हे जॉन हर्शेल यांनी १८१९ साली दाखवलं, आणि पुढे जगभरच्या डार्करूममध्ये फोटो पक्का करायला हेच वापरलं गेलं. आमच्याकडे मात्र या डब्याला दुसरंही गिऱ्हाईक होतं. दुपारी स्टुडिओ रिकामा असला की कुणीतरी डोकवायचं, ‘काका, माशांपुरता हायपो द्या.’ नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. हायपोचे दोन-चार खडे पडले की तो निष्प्रभ होतो. वडील वर्तमानपत्राच्या कागदात पुडी बांधून द्यायचे. त्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत.

काचेच्या पेटीत मासे पाळायची हौस आपल्याकडे उशिरा आली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिलं मत्स्यालय उघडलं. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली. इकडची माणसं कामानिमित्त मुंबईला जायची, तारापोरवाला बघायची आणि डोक्यात मासे घेऊन परतायची. आमच्या शेजारचे फोटोफ्रेमवाले लोखंडी अँगलच्या चौकटीत काच बसवून, कडांना लांबी भरून पेट्या करून द्यायचे. काही दिवस त्या ठिबकायच्या. सिलिकॉन मिळू लागलं तसा तो लोखंडी सांगाडा गेला.

पण माशांच्या खाण्यापिण्याचा विचार आपल्या मुलखाला नवा नाही. निलंग्याकडून सीमा ओलांडून पुढे गेलं की बसवकल्याण लागतं. ती चालुक्यांची कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात मत्स्यविनोद नावाचं प्रकरण आहे. राजाने गळ टाकून मासे कसे पकडावेत हा त्याचा विषय. पण त्यासाठी माशांच्या तिसाहून अधिक जाती आणि कोणत्या माशाला कोणतं खाद्य, हेही तो सांगतो. लातूर-नांदेडचा मुलूख तेव्हा याच राज्यातला. मला त्या राजाबद्दल आपुलकी वाटते. मासा काय खातो हे ज्याला ठाऊक, त्याने पाण्याजवळ वेळ घालवलेला असतो.

सामान्य घरांत मासा शिरला तो आरोग्य खात्याच्या हातून. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे भारतात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणले गेले. हौद, विहिरी, रांजण, सगळीकडे ते सोडले गेले. मराठवाड्यातल्या कितीतरी पोरांचा पहिला पाळीव मासा म्हणजे हौदातून ओंजळीत उचलून बाटलीत ठेवलेला गप्पी. माझाही तोच.

माझी बहीण लातूरला दिली आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात भाचीचा फोन आला, ‘मामा, वाटाणा दोन दिवसांपासून काहीच खाऊलाला नाही.’ वाटाणा म्हणजे तिचा पफर मासा. कोकणात या कुळातल्या माशांना केंड म्हणतात. तिचा मात्र गोड्या पाण्यातला, जेमतेम पेराएवढा. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांतला. होरा आणि नायर या शास्त्रज्ञांनी १९४१ साली त्याची नोंद केली, आणि त्रावणकोर संस्थानाचं नाव त्याच्या शास्त्रीय नावात राहिलं.

त्या वर्षी मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये टाक्यांपाशी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाणीगाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. अशा शहरात माशाच्या पेटीचं पाणी बदला असं कुणाला सांगायचं?

मी डबा घेऊन लातूरला गेलो. वाटाणा कोपऱ्यात, शेपटी मिटलेली, पोट आत गेलेलं, रंग करडा. एरवी हा मासा दोन्ही डोळे वेगवेगळे फिरवत माणसाकडे बघतो. त्या दिवशी डोळेही थांबलेले. एका दुकानातून तांब्याचं औषध आणून ठेवलं होतं. ते मी आधी बाजूला केलं. पफरच्या अंगावर इतर माशांसारखे खवले नसतात, तांबं त्याला सोसत नाही. रोग पाण्यातच होता. पाणी बदललं नाही की माशाच्या विष्ठेतला अमोनिया साचतो. लातूरच्या बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी, त्यात चाळिशीपार ऊन. पाणी जितकं अल्कधर्मी आणि तापलेलं, तितका तोच अमोनिया जास्त विषारी.

बहीण म्हणाली, ‘दादा, इथं प्यायला नाही.’ तिचं खरं होतं. मग हिशेब केला. माझ्या अंघोळीच्या बादलीतलं दोन लिटर रोज वाटाण्याला, आणि पेटीतून काढलेलं दोन लिटर तुळशीला. टँकरच्या पाण्याला टीसीएलचा, म्हणजे क्लोरीनच्या पावडरीचा, उग्र वास यायचा. ते रात्रभर घागरीत ठेवायचं, सकाळी हायपोचा एक बारीक खडा, मग वाटीने पेटीच्या कडेने सोडायचं. वाटाण्याला बादलीत हलवायची वेळ आली तर जाळीने उचलायचा नाही, हे भाचीला दोनदा सांगितलं. हवेत आला की घाबरून हवेनेच फुगतो आणि ती हवा त्याला सहज सोडता येत नाही. वाटी पाण्यात बुडवून पाण्यासकट उचलायचा.

खाण्याचं सोपं निघालं. गल्लीत घरोघरी पाणी साठवलेलं, आणि ते ओतून कोरडा दिवस पाळायची कुणाची छाती नव्हती, त्यामुळे पिंपांत अळ्या. भाची चहाच्या गाळणीने अळ्या धरून आणायची. पाचव्या दिवशी वाटाणा अळीपाशी गेला, तिरका होऊन तिला न्याहाळत राहिला, आणि मग टिपली. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. बहीण स्वयंपाकघरातून धावत आली. आठवड्याने पेटीतल्या वनस्पतीवरच्या छोट्या गोगलगाईवर त्याने तोंड टाकलं. शंख फुटल्याचा टिक असा आवाज काचेबाहेर ऐकू आला. या माशाचे दात आयुष्यभर वाढतात, कठीण शंख फोडूनच ते झिजतात. तो आवाज ऐकून मी नांदेडची गाडी धरली.

डबा तिथेच राहिला. त्या वर्षीच्या परतीच्या पावसात मांजरा भरलं. नळाला पाणी आलं त्या सकाळी भाचीचा फोन, ‘मामा, वास लई येतोय टीसीएलचा. किती खडे टाकू?’

पेटी केवढी भरलीस, मी विचारलं.

‘पूर्ण,’ ती म्हणाली.