'एकदाही बंद न पडलेलं' घड्याळ

आमच्या घरात एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. "आण्णांचं घड्याळ एकदाही बंद पडलं नाही!" आण्णा म्हणजे माझे आजोबा. घड्याळ म्हणजे फेवर-ल्यूबा, रोज किल्ली द्यायचं. साताऱ्यात नोकरीला असताना १९६० साली त्यांनी ते घेतलं. पगाराच्या मानाने चैनच ती. आजीने त्यावरून पुढे बरीच वर्षं ऐकवलं म्हणे.

फेवर-ल्यूबा हे स्वित्झर्लंडचं १७३७ पासूनचं घराणं. मुंबईशी त्यांचा व्यापार १८६५ पासूनचा, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे नाव कधी परकं वाटलंच नाही. जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगलोरला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना निघाला तो १९६१ साली. तोवर चांगलं मनगटी घड्याळ म्हणजे बाहेरून आलेलंच.

आण्णा गेल्यावर घड्याळ सांगलीला काकांकडे गेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा ते कपाटाच्या खालच्या खणात होतं. काकूने चिखल पुसला, वाळवलं आणि डबीत ठेवून दिलं. काटे काही हलेनात. गेल्या वर्षी मी ती डबी मागून घेतली आणि साताऱ्याला एका जुन्या घड्याळजींकडे गेलो.

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि मलाही बघू दिलं. किल्ली दिली की डबीतली मेन स्प्रिंग गुंडाळली जाते. ती सुटायला बघते, पण तिला एकदम सुटू द्यायचं नाही, हीच सगळी कारागिरी. बॅलन्सचं चाक केसासारख्या बारीक स्प्रिंगवर पुढे-मागे डोलतं आणि प्रत्येक डोलण्याला दात्यांची चाकं थोडी पुढे सरकू देतं. त्या काळच्या बहुतेक घड्याळांत ही टिकटिक तासाला १८ हजार, म्हणजे दिवसाला ४ लाख ३२ हजार! चाकांच्या आसांची टोकं कृत्रिम माणकांच्या भोकांत फिरतात. आपण 'सतरा ज्वेल्स' म्हणतो ती हीच माणकं. तिथे तेलाचा इवलासा थेंब असतो आणि तो काही वर्षांत सुकतो. म्हणजे हे यंत्र अधूनमधून उघडावं लागणार, हे करणाऱ्याने आधीच धरलेलं. म्हणून तर सगळं स्क्रूवर बसवलेलं.

मग घड्याळजींनी झाकणाची आतली बाजू उजेडात धरली. "हे बघा." टोकदार हत्याराने कोरलेल्या तीन बारीक ओळी. दुरुस्ती केली की कारागीर तिथे तारीख कोरून ठेवतात, पुढच्या कारागिरासाठी.

जानेवारी ६८. सप्टेंबर ७९. एप्रिल ९१.

मी तिथूनच आत्याला फोन लावला. पहिली तारीख तिने झटकन ओळखली. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं, कोयनेचा भूकंप! घड्याळ फळीवरून खाली पडलं होतं. दुसरी तिच्या लग्नाआधीची. तबकडी पिवळी पडली होती, म्हणून आण्णांनी ती रंगवून घेतली. जुन्या घड्याळांचे परदेशी शौकीन अशा रंगवलेल्या तबकड्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणून हिणवतात. मला मात्र आता त्यात मुलीच्या मांडवात उभा राहणारा बाप दिसतो. तिसरी तारीख तर गमतीची. त्याच्या आदल्या वर्षी काकांनी त्यांना सेलवर चालणारं टायटन दिलं होतं. ते खणात गेलं आणि आण्णा पुन्हा घड्याळजींकडे.

...म्हणजे 'एकदाही बंद पडलं नाही' हे खोटंच की! तीनदा पडलं. साठ वर्षं टिकलं ते मजबूत होतं म्हणून नाही, किंवा नुसतं त्यामुळे नाही. दर वेळी कुणीतरी ते उचलून दुरुस्तीला नेलं म्हणून. घरातल्या टिकलेल्या बऱ्याच गोष्टींचं असंच असावं. आपण मजबुतीचं कौतुक करतो आणि दुरुस्ती विसरून जातो.

घड्याळजींनी गंजलेले भाग त्यांच्या पत्र्याच्या डब्यातल्या एका मेलेल्या फेवर-ल्यूबातून काढून बसवले. तबकडी रंगवू का, असं त्यांनी विचारलं. सहाच्या आकड्याजवळ पुराचा तपकिरी डाग आहे. मी नको म्हटलं. (काकू, तुला ती चकचकीत हवी होती, ठाऊक आहे. रागावू नकोस.)

काकांना तीन तारखांचं सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्पच होते. मग म्हणाले, "मग मी इतकी वर्षं लोकांना काय सांगत होतो रे?"

घड्याळ आता दिवसाला दोनेक मिनिटं मागे पडतं. रोज सकाळी चहाच्या आधी मी किल्ली देतो. झाकणाच्या आत चौथी तारीख आहे.