हार्वर्डचे दंतवैद्यक विद्यालय

दात उपटण्याच्या चिमट्यास विद्येच्या साधनाचा मान फार उशिरा मिळाला. युरोप-अमेरिकेत हे काम न्हाव्याचे वा लोहाराचे समजले जाई. बाल्टिमोर येथे १८४० साली हेडन व हॅरिस या गृहस्थांनी दंतविद्येचे पहिले स्वतंत्र महाविद्यालय काढले खरे, परंतु ते विद्यापीठाच्या उंबरठ्याबाहेर होते. अमेरिकेत विद्यापीठाच्या छत्राखाली, वैद्यकाच्या शेजारी, या विद्येस प्रथम आसन दिले ते बॉस्टनच्या हार्वर्डने, १७ जुलै १८६७ रोजी. ज्या कुटुंबांतील मुले-मुली दंतवैद्यकाकडे वळू पाहत आहेत, त्यांस हा वृत्तांत उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते.

पहिले अधिष्ठाते नॅथन कूली कीप. त्यांची उमेदवारी एका जवाहिऱ्याच्या दुकानात झाली. हाताला बारीक कामाचे वळण तेथेच लागले. पुढे त्यांनी हार्वर्डचीच वैद्यकाची पदवी घेतली. कवी लाँगफेलो यांच्या पत्नीस १८४७ साली प्रसूतीच्या वेळी ईथर देणारे ते हेच. विद्यालय निघण्याच्या सतरा वर्षे आधी बॉस्टनच्या न्यायालयाने त्यांच्या विद्येची कसोटी पाहिली होती. डॉ. पार्कमन हे धनाढ्य गृहस्थ नोव्हेंबर १८४९ मध्ये नाहीसे झाले. हार्वर्डच्याच वैद्यकीय महाविद्यालयात, प्राध्यापक वेब्स्टर यांच्या भट्टीतून कृत्रिम दातांचे तुकडे निघाले. ती कवळी कीप यांनी स्वतः घडविली होती आणि तिच्या वेळचा जबड्याचा साचा त्यांनी जपून ठेवला होता. भर न्यायालयात तुकडे साच्याशी ताडून दाखविण्यात आले. १८५० साली वेब्स्टर फाशी गेले. दंतवैद्याची साक्ष विद्वानाची साक्ष म्हणून ऐकली जाते, हे त्या दिवशी लोकांनी पाहिले.

पण आमच्या मते या विद्यालयाचे खरे मोठेपण त्याच्या पहिल्या तुकडीत आहे. १८६९ साली पदवी घेणाऱ्या सहाजणांत रॉबर्ट टॅनर फ्रीमन हा कृष्णवर्णी तरुण होता. त्याचे आईबाप एकेकाळी गुलाम होते. वॉशिंग्टनमध्ये एका गोऱ्या दंतवैद्याच्या हाताखाली तो काम शिकला. अन्यत्र वर्णामुळे नकार मिळाल्यावर हार्वर्डने त्यास घेतले. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा अवघी दोन वर्षे झाली होती! फ्रीमन १८७३ सालीच वारला. परंतु त्याच्या मुलीचा मुलगा रॉबर्ट वीव्हर १९६६ साली अमेरिकेच्या मंत्रिमंडळातील पहिला कृष्णवर्णी मंत्री झाला.

फ्रीमनच्या मागोमाग १८७० साली जॉर्ज फ्रँकलिन ग्रँट पदवीधर झाला. तोही गुलामीतून सुटलेल्या आईबापांचा मुलगा. विद्यालयाने त्यास अध्यापक नेमले. दुभंगलेल्या टाळूच्या रुग्णांस नीट बोलता यावे म्हणून त्याने कृत्रिम टाळू बनविली. गोल्फचा चेंडू ठेवण्याच्या लाकडी खुंटीचे पेटंट त्याने १८९९ साली घेतले, आणि जग त्यास त्या खुंटीसाठीच ओळखते. हे आम्हांस थोडे विपरीतच वाटते.

पदवीच्या नावातही एक आग्रह दिसतो. बाल्टिमोरची पदवी दंतशल्याची. हार्वर्डने लॅटिनमध्ये 'दंतवैद्यकाचा आचार्य' अशी डी. एम. डी. ही पदवी योजिली. १९४० साली विद्यालयाचे नावही दंतवैद्यक विद्यालय असे झाले. आजही येथील विद्यार्थी शरीरशास्त्रादि मूळ विषय वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या बाकावर बसून शिकतात आणि मग खुर्चीवरील रुग्णाकडे वळतात. पदवीनंतर दात सरळ करण्याची विद्या, हिरड्यांचे रोग, मुखशल्य इत्यादी शाखा व संशोधनाच्या पदव्या आहेत. मुखशल्याच्या शिक्षणक्रमात वैद्यकाचीही पदवी मिळविता येते.

बॉस्टन शहराशी आपल्या देशाचाही एक धागा जुळलेला आहे. आयोवा विद्यापीठाचे पदवीधर डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी तेथील मुलांच्या फोर्साइथ दंतरुग्णालयात १९१८ पर्यंत काम केले. स्वदेशी परतून त्यांनी १९२० साली कलकत्त्यास भारतातील पहिले दंतमहाविद्यालय स्थापिले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ साली निघाले.