ग्रामारोग्याच्या योजनेत गावाचे स्थान

पुणे जिल्ह्यातील सुपे आणि नगर (आज अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड ही दोन्ही गावे दख्खनच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात मोडतात. सुपे इतिहासास परिचित आहे ते 12 मे 1875 च्या उठावामुळे. तेथील बाजारपेठेत कुणब्यांनी सावकारांचे कर्जरोखे हस्तगत करून जाळले. ज्या टापूत पाणी, धान्य आणि कर्ज यांचीच विवंचना अष्टौप्रहर असते, तेथे आरोग्याचा प्रश्न एकटा कधीच उभा राहत नाही. योजनाकारांच्या ध्यानी ही गोष्ट यावयास मात्र बराच काळ लागला.

1897 च्या प्लेगात पुण्यात जे घडले ते या संदर्भात आठवावे. वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या समितीने गोऱ्या शिपायांकरवी घरोघर झडत्या घेतल्या. रोग्यांची रवानगी इस्पितळात व आप्तांची छावणीत होऊ लागली. विलगीकरणाचे तत्त्व त्या काळच्या शास्त्रास धरूनच होते. परंतु लोक रोगी लपवू लागले, आणि लपविलेल्या रोग्यापुढे कोणतीही योजना पंगू ठरते. 22 जूनच्या रात्री रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत 10 मार्च रोजी निवर्तल्या, हेही विसरता येत नाही.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेड येथे कार्य आरंभिले, तेव्हा गावकऱ्यांची पहिली मागणी औषधाची नव्हतीच. ती अन्नाची व पाण्याची होती. आरोळे दांपत्याने ती मान्य केली, आणि 1972 च्या दुष्काळात तिचे महत्त्व निर्विवाद ठरले. प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यांत वसविण्याचा पहिला प्रयत्न फसला. त्या गावात रमेनात, गावही त्यांच्यापाशी मन मोकळे करीना. तेव्हा गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी असे ठरले. या स्त्रिया बहुतांशी निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या. दर आठवड्यास जामखेडला येऊन त्या बाळंतपण, अतिसार, आहार यांविषयी शिकत व परत जाऊन शेजारणींस सांगत. विहीर, पाणवठा यांचे निमित्त साधून जातिभेदाची धारही त्यांनी बोथट केली. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत या कामास नाव नाही.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार बालमृत्यूचे दरहजारी प्रमाण 1971 मध्ये 176 होते, ते 1976 पर्यंत 52 वर आले. हे आकडे प्रकल्पाचेच आहेत, आणि त्या काळात रस्ते व पाणीपुरवठाही सुधारत होता. सर्व श्रेय एकाच उपायास देणे इतिहासदृष्ट्या योग्य नव्हे. तरी 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रयोगास स्थान मिळाले आणि 1979 मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला.

भारत सरकारने 2 ऑक्टोबर 1977 पासून ग्रामीण आरोग्यसेवकांची योजना सुरू केली, परंतु तीत निवडले गेलेले सेवक बहुतांशी पुरुष होते. माता व अर्भक यांच्याशी संबंधित काम त्यांच्याकडून होणे कठीणच होते. राष्ट्रीय पातळीवर गावातील स्त्रीकडे हे काम आले ते 2005 च्या ‘आशा’ योजनेत.