४. ‘/फोर्सएफएससीके’

डिस्कच्या मूळ डिरेक्टरीत ‘टच’ आज्ञेने तयार केलेली रिकामी फाइल. आत एक अक्षरही नसते. ती तिथे असणे हाच निरोप. लिनक्स सुरू होताना स्क्रिप्टला ती दिसली, की फाइल सिस्टम निर्दोष असल्याची नोंद असूनही ‘एफएससीके’ हा तपासनीस प्रोग्राम तिची पूर्ण झडती घेई. मग फाइल पुसली जाई.

एवढा खटाटोप अशासाठी, की वापरात असलेल्या विभागाची दुरुस्ती केल्यास डेटा आणखी बिघडू शकतो. समोरचे यंत्र पेनड्राइव्हवरून सुरू करता येते. दूरच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरसाठी मात्र आधी निरोप ठेवायचा, मग रीबूट. यात खरा धोका असा: गंभीर दोष सापडला की यंत्र अर्ध्यावर थांबून कीबोर्डवरून येणाऱ्या आज्ञेची वाट पाहते, आणि दुरून आत शिरण्याचे एसएसएचचे दार तोवर उघडलेलेच नसते. म्हणून डेबियनवर न विचारता दुरुस्ती करायला सांगणारी ‘एफएससीकेफिक्स=यस’ ही ओळ आधीच लिहून ठेवणे शहाणपणाचे होते.

सिस्टमडी (२०१०) ही नवी बूट-व्यवस्था असलेल्या यंत्रांत मात्र त्या फाइलऐवजी कर्नलच्या बूट-ओळीत ‘एफएससीके.मोड=फोर्स’ आणि ‘एफएससीके.रिपेअर=यस’ लिहितात. ग्रब या बूटलोडरच्या सेटिंगमध्ये लिहिलेले हे शब्द आपोआप पुसले जात नाहीत. काम झाल्यावर हाताने काढावे लागतात.