सुपारीची वाडी आणि सेन्सेक्स

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि आपल्या श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. नवं झाड फळायला किती वर्षं लागतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. शेअर बाजाराचा इतिहासही तसाच आहे.

मुंबईचा सेन्सेक्स १९७८-७९ साल १०० धरून मोजतात. जुलै २०२४ मध्ये तो ८० हजारांवर गेला. त्याचा इंडेक्स फंड म्हणजे त्यातल्या सगळ्या ३० कंपन्यांत थोडा थोडा वाटा. एक झाड नव्हे, अख्खी वाडी.

पण वाट सरळ नव्हती. एप्रिल १९९२ मध्ये तो साडेचार हजारांजवळ होता. मग हर्षद मेहताचा घोटाळा उघड झाला. अकरा वर्षांनीही तो तीन हजारांच्याच आसपास होता. २०२० च्या जानेवारीत ४१ हजारांवर, आणि वादळाच्या दिवशी ३४ हजार. जानेवारीत पैसे घालून जूनमध्ये पत्र्यांसाठी काढले असते, तर तोटाच. थांबता आलं, तिचं भरून निघालं.

म्हणून आम्ही ठरवलंय: पत्र्यांचे, दवाखान्याचे, फीचे पैसे गटात आणि पोस्टात. दहा-पंधरा वर्षं हात लावायचा नाही, तेवढेच बाजारात. तिथेही हमी नाही, हे धरूनच.