रेडिएटर उतरवल्यानंतर

जुन्या बी-275 ट्रॅक्टरचा रेडिएटर उतरवणे अवघड नाही. इंजिन निवू द्यायचे, तोटी उघडून पाणी सोडायचे, बॉनेट आणि जाळी काढायची, दोन्ही होज पाइप आणि नट सोडवायचे, आणि पंख्याचे पाते कोअरला लागू न देता रेडिएटर बाहेर काढायचा. 1963 साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीने कांदिवलीत हा ट्रॅक्टर बांधला. आजच्या ट्रॅक्टरचाही रेडिएटर साधारण असाच उतरतो. बदलले आहे ते त्यापुढचे काम, आणि रेडिएटर दुरुस्तीचा धंदा बसण्याचे खरे कारण तिथेच आहे.

हा धंदा जिथे चालत असे त्या पिंपरीत 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली, आणि पुढे भोसरी-आकुर्डीपर्यंत कारखाने उभे राहिले. त्या काळात ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर या साऱ्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत, त्यामुळे एकाच कारागिराला सगळे जमत. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने नळ्या चोंदल्या की तो बत्तीने डाख सोडवून टाकी अलग करी, नळीनळीतून सळई फिरवी, पुन्हा डाख देई आणि हवा भरून रेडिएटर हौदात बुडवी. बुडबुडा दिसला की गळती सापडली. आज चाकणमध्ये कारखाने इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा बनवतात, पण नव्या रेडिएटरचा अ‍ॅल्युमिनियमचा कोअर भट्टीत एकसंध जोडलेला असतो आणि प्लास्टिकची टाकी गॅस्केटवर कडा दाबून बसवलेली असते. प्लास्टिकला डाख लागत नाही. गळला की बदला.

अ‍ॅल्युमिनियम हलके, स्वस्त आणि शिसेविरहित आहे, हा आक्षेप मी हलका मानत नाही. डाखातल्या शिशाची वाफ कारागिराच्या छातीत जात असे; ती थांबली हे चांगलेच झाले. पण वजनाचा मुद्दा मोटारीला जितका लागू, तितका ट्रॅक्टरला नाही. नांगरताना पुढचा भाग उचलू नये म्हणून शेतकरी स्वतःच पुढे लोखंडी वजने टांगतो. किंमतही एका खरेदीपुरती पाहून चालत नाही, कारण जुन्या रेडिएटरचा फक्त कोअर बदलून टाक्या पुन्हा वापरता येत. रेडिएटरच नसलेला ट्रॅक्टरही आपल्याकडे होता: 1959 साली फरीदाबादला बनलेला आयशर हवेने निवे. मात्र पाण्याने निवणाऱ्या ट्रॅक्टरांना दुरुस्त होणारा रेडिएटर मिळणे ही चैन नव्हती, ऐन पेरणीत काम अडू नये यासाठीची गरज होती. म्हणून जुना ट्रॅक्टर उभा करणाऱ्यांनी पितळी टाक्या भंगारात घालू नयेत. हवेशीर जागेत काम करणारा कारागीर शोधून त्याच टाक्यांना नवा कोअर बसवून घ्यावा.